ड्रॅव्हेट आणि जीन थेरपी: घर विकण्याआधी रिपोर्टचं दुसरं पान वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी २२ महिन्यांची, वजन ११ किलो. साडेपाच महिन्यांची असताना तापात पहिली फिट आली, अंगाची एकच बाजू उडत होती आणि चाळीस मिनिटं ती थांबली नाही. त्यानंतर ताप आला की फिट, आणि आता ताप नसतानाही. जनुकीय तपासणीत एससीएन१ए जनुकात ‘पॅथोजेनिक’ म्हणजे आजार घडवणारा बदल सापडला, निदान ड्रॅव्हेट सिंड्रोम, म्हणजे जनुकातल्या बिघाडाने होणारा लहान मुलांचा अपस्मार. सध्या व्हॅल्प्रोएट, क्लोबाझॅम आणि ऑक्सकार्बाझेपिन चालू आहे. अमेरिकेत एका इंजेक्शनात हा आजार बरा करणारी जीन थेरपी निघाल्याचं व्हॉट्सॲपवर वाचलंत. गावाकडचं घर विकून तिला तिकडे न्यावं का, आणि भारतात हे कधी येईल, असं तुम्ही विचारलंय.

जीन थेरपीच्याही आधी एक गोष्ट. औषधांच्या यादीतलं ऑक्सकार्बाझेपिन पाहून थबकलो. ड्रॅव्हेटमध्ये जो सोडियम चॅनेल, म्हणजे चेतापेशीतला सोडियमचा दरवाजा, आधीच अर्ध्यावर आलेला असतो, त्यालाच हे औषध आणखी दाबतं. कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन, फेनिटॉइन ही त्याचीच भावंडं. एरवीच्या अपस्मारात ही चांगली औषधं आहेत, त्यामुळे निदान व्हायच्या आधी सुरू झालं असेल तर त्यात कुणाची चूक नाही. पण निदान हातात आल्यावरही ते चालू राहिलं तर फिट वाढू शकतात. स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका. एकदम थांबवलं तर एकामागून एक फिट येऊन मूल आयसीयूत जाऊ शकतं. उद्या डॉक्टरांना फोन करा आणि एवढंच विचारा: ‘रिपोर्ट एससीएन१ए आलाय, ऑक्सकार्बाझेपिन हळूहळू उतरवायचं का?’ तुमच्या मूळ प्रश्नाशीही याचा थेट संबंध आहे. सोडियम चॅनेल दाबणारं औषध चालू असेल तर खाली सांगितलेल्या एका मुख्य चाचणीत मुलाला घेतच नाहीत.

आता मुद्द्याकडे. ‘जीन थेरपी कधी येईल’ या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंडाळलेले आहेत. तिकडे जे चाललंय ते नेमकं काय आहे? तुमच्या मुलीच्या जनुकातला बदल त्याला जुळणारा आहे का? आणि ते हाताशी येईपर्यंत मुलगी सुखरूप आणि पात्र राहावी म्हणून आज काय करायचं? तिसऱ्याचं उत्तर सगळ्यात पक्कं आहे. दुसऱ्याचं तुमच्या घरातल्या फाईलमध्ये पडलंय. पहिलं जरा लांबलचक आहे, पण ते समजल्याशिवाय घरासारखा निर्णय घेऊ नये.

शार्लट ड्रॅव्हे या फ्रेंच डॉक्टरांनी १९७८ मध्ये हा आजार वेगळा ओळखला. आपल्याकडे सगळे ड्रॅव्हेटच म्हणतात, तेच चालू ठेवतो. त्यामागचं जनुक सापडायला २००१ उजाडलं. एससीएन१ए हे जनुक चेतापेशीच्या भिंतीतला एक दरवाजा बनवण्याचा आराखडा आहे. त्यातून सोडियम आत शिरतं आणि पेशीत विजेचा ठोका उमटतो. प्रत्येकाकडे या आराखड्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. ड्रॅव्हेटच्या बहुतेक मुलांत एक प्रत निकामी असते आणि दुसरी ठणठणीत. म्हणजे दरवाजे निम्मेच तयार होतात.

सोडियम कमी शिरलं तर मेंदू सुस्त पडायला हवा, मग उलट फिट का येतात? पालक हे हमखास विचारतात आणि सगळ्या उपचाराची किल्ली इथेच आहे. २००६ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात उंदरांवर झालेल्या कामात दिसलं, की ही कमतरता सगळ्या पेशींना सारखी बाधत नाही. ज्या पेशींचं काम बाकीच्यांना आवरून धरणं आहे, त्या गाबा हे शांत करणारं रसायन बनवणाऱ्या पेशींना ती सर्वाधिक नडते. या पेशी भराभर ठोके देतात आणि त्यासाठी नेमका हाच दरवाजा वापरतात. लगाम धरणारेच ढिले पडले की बाकीचा मेंदू उधळतो. ऑक्सकार्बाझेपिन का चालत नाही, तेही यातच आलं.

तर उपाय सरळ वाटतो: चांगल्या जनुकाची एक प्रत विषाणूत घालून मेंदूत पोचवायची. १६ कोटींचं इंजेक्शन म्हणून जे महाराष्ट्रात घरोघरी माहीत झालं, ते एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारासाठी हेच करतं. तिथे वापरतात तो एएव्ही नावाचा निरुपद्रवी विषाणू, आतला माल काढून रिकामा केलेला. त्याच्या पोटात जनुकाची साधारण ४,७०० अक्षरं मावतात. एसएमएच्या जनुकाचा कामाचा भाग ९०० अक्षरांच्याही आत आहे, आरामात बसतो. एससीएन१एचा कामाचा भाग ६,००० अक्षरांच्या वर जातो आणि त्याला चालू करणारी बटणं वेगळीच. कपाट दारातून आतच जात नाही. त्यात हे जनुक प्रयोगशाळेतही छळतं. कुठल्याही जनुकाच्या प्रती काढायच्या तर ते जिवाणूंत वाढवतात, आणि एससीएन१ए जिवाणूंत टिकत नाही, मधलेच तुकडे गळतात किंवा बदलतात. म्हणून ‘एसएमएचं आलं, मग आमचं का नाही’ या तक्रारीचं उत्तर बऱ्याच अंशी जनुकाच्या लांबीत आहे. ड्रॅव्हेटकडे कुणाचं लक्षच नाही असं समजू नका.

या अडचणीतून दोन वाटा माणसांपर्यंत पोचल्या आहेत आणि तिसरी अजून उंदरांत आहे. पहिल्या दोन्हींत नवं एससीएन१ए जनुक घालतच नाहीत. जी चांगली प्रत मुलाकडे आधीच आहे, तिच्याकडूनच जास्त काम करून घेतात.

पहिली वाट झोरेव्हुनरसेन. जुन्या कागदपत्रांत याचं नाव एसटीके-००१ असं दिसेल. काटेकोरपणे बोलायचं तर ही जीन थेरपी नाही, अँटिसेन्स औषध आहे. जनुकावरून पेशी जी नक्कल काढते, तिच्यात अधूनमधून एक नको असलेला तुकडा घुसतो. तो घुसला की पेशी ती नक्कल सदोष समजून फाडून टाकते. निरोगी माणसातही हे होत असतं, त्यात एरवी काही बिघडत नाही. झोरेव्हुनरसेन त्या तुकड्याच्या जागी चिकटून बसतं आणि त्याला आत येऊ देत नाही. कचऱ्यात गेल्या असत्या त्या नकला कामी येतात, दरवाजे वाढतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ड्रॅव्हेटच्या उंदरांना जन्मानंतर दुसऱ्या दिवशी याच पद्धतीच्या औषधाचा एकच डोस दिला. ९० दिवसांनी त्यातले ९७% जिवंत होते, औषध न मिळालेल्यांतले २३%.

माणसांत हे पाठीच्या कण्यातून, लंबर पंक्चर करून देतात. औषध काही महिन्यांत ओसरतं म्हणून पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या चाचण्यांत ७० मिलिग्रॅमचे दोन-तीन डोस मिळालेल्या मुलांत, शेवटच्या डोसनंतर तीन महिन्यांनी झटक्यांच्या फिट मध्यकाने ८५% आणि सहा महिन्यांनी ७४% कमी झाल्या. आकडा मोठा आहे, पण तो जेमतेम दहाच्या घरातल्या मुलांचा आहे आणि आपल्याला औषध मिळतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. ड्रॅव्हेटमध्ये फिट आपोआपही वरखाली होतात. सर्दी-तापाच्या दिवसांत वाढतात, एरवी कमी होतात. म्हणूनच २०२५ मध्ये सुरू झालेली तिसऱ्या टप्प्याची चाचणी महत्त्वाची. २ ते १८ वर्षांखालची सुमारे १५० मुलं, वर्षभरात ७० मिलिग्रॅमचे दोन डोस आणि नंतर ४५ मिलिग्रॅमचे दोन. काही मुलांना खरं औषध मिळतं आणि काहींना नुसता देखावा: पाठीला निर्जंतुक करून टोचल्याची खूण करायची, वर पट्टी लावायची, औषध द्यायचं नाही. पालकांना कळत नाही. ऐकायला क्रूर वाटतं, पण औषधाने किती फरक पडला आणि आशेने किती, हे वेगळं काढायची दुसरी सोय नाही.

दुसरी वाट ईटीएक्स१०१. ही खरोखरची जीन थेरपी आणि व्हॉट्सॲपवरचा निरोप बहुधा हिच्याबद्दल असावा. एएव्ही९ विषाणूत अख्खं एससीएन१ए मावत नाही, म्हणून त्यात एक छोटं प्रथिन बनवण्याचा आराखडा भरला आहे. ते प्रथिन मुलाच्या स्वतःच्या एससीएन१ए जनुकाजवळ जाऊन बसतं आणि त्याचा आवाज वाढवतं. सोबत एक कळ अशी बसवली आहे, की हे प्रथिन मुख्यतः गाबाच्या, म्हणजे लगाम धरणाऱ्या पेशींतच तयार व्हावं. औषध देण्यासाठी कवटीला लहान छिद्र पाडून मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत सुई नेतात. एकदाच. २०२४ पासून अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात मोजक्या लहान मुलांना हे दिलं गेलंय. वयोगट अगदी सहा महिन्यांपासून सुरू होतो, वरची मर्यादा देशागणिक वेगळी आहे आणि ती मधूनमधून बदलते.

तिसऱ्या वाटेत कपाटाचे दोन भाग करतात. अर्धं जनुक एका विषाणूत, अर्धं दुसऱ्यात, आणि पेशीत तयार झालेली दोन अर्धी प्रथिनं आपोआप सांधली जातात. सिएटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटने २०२५ मध्ये उंदरांत हे यशस्वी करून दाखवलं. पण एकाच पेशीत दोन्ही विषाणू पोचायला हवेत, म्हणजे डोस चढा लागणार, आणि डोस हेच या सगळ्या क्षेत्राचं दुखणं आहे. माणसांपर्यंत यायला हिला वेळ आहे.

उंदरांचे निकाल वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, उंदराचा मेंदू अर्धा ग्रॅमसुद्धा नसतो, तुमच्या मुलीचा आज किलोभर असेल. पोकळीत सोडलेला विषाणू वरच्या थरात चांगला पोचतो आणि खोल भागात कमी, सगळीकडे सारखा पसरत नाही. दोन, बहुतेक उंदरांना पहिल्या एक-दोन दिवसांतच, फिट सुरू व्हायच्या आधी, औषध मिळालेलं असतं. माणसांत निदानच फिटनंतर होतं. ‘मग आमचा उशीर झाला का?’ हा पुढचा प्रश्न. मिलानच्या संशोधकांनी २०२२ मध्ये उंदरांत फिट सुरू झाल्यावर, जन्मानंतर ३० दिवसांनी, बंद जनुक पुन्हा चालू केलं आणि फिट थांबल्या, वागणंही सुधारलं. म्हणजे लगाम ढिला झालेला असतो, तुटलेला नसतो. बाविसाव्या महिन्याला उशीर झाला म्हणून खचायचं कारण नाही. पण चालणं, बोलणं, समज यात राहिलेलं अंतर किती भरून निघेल, हे उंदीर सांगू शकत नाहीत. त्यासाठी चाचण्यांत फिटबरोबर विकासाच्या मोजपट्ट्याही लावतात.

धोक्यांबद्दल व्हॉट्सॲपवर कुणी लिहीत नाही. लंबर पंक्चरवाल्या औषधात डोकेदुखी, उलट्या, पाठदुखी हे नेहमीचं. शिवाय बऱ्याच मुलांत पाठीच्या पाण्यातलं प्रथिन वाढलेलं दिसलं, त्यावर लक्ष ठेवलं जातंय. बाधलं तर पुढचा डोस थांबवता येतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. एएव्हीचं तसं नाही. एकदा सोडला की परत बोलावता येत नाही. एसएमएच्या इंजेक्शननंतर यकृताचे आकडे चढतात, म्हणून आदल्या दिवसापासून स्टिरॉइड देतात. तरीही यकृत निकामी होऊन मृत्यू झाले आहेत. ते औषध शिरेतून आणि फार मोठ्या मात्रेत जातं, मेंदूच्या पोकळीत मात्रा कमी लागते, पण थोडा विषाणू रक्तात उतरतोच. तुमची मुलगी व्हॅल्प्रोएटवर आहे, त्याचाही भार यकृतावर पडतो. अशा मुलाच्या बाबतीत मी आधी यकृताचे जुने रिपोर्ट मागवतो. २०२५ मध्ये एसटीएक्सबीपी१ या दुसऱ्या बालअपस्मारासाठी शिरेतून देण्याच्या एएव्ही उपचारात, औषध मिळालेल्या पहिल्याच बालकाचा मृत्यू झाला. आजार वेगळा, विषाणूचं कवच वेगळं, देण्याची पद्धत वेगळी. तरी ‘सुरुवातीचा टप्पा’ या शब्दांचा अर्थ काय, ते यावरून कळावं.

आता शीर्षकातलं दुसरं पान. तुम्ही रिपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो टाकलाय. त्यावर जनुकाचं नाव, ‘हेटेरोझायगस’ (दोनपैकी एकाच प्रतीत बदल) आणि ‘पॅथोजेनिक’ एवढंच आहे. मला हवा आहे तो बदलाचा प्रकार. नॉनसेन्स किंवा फ्रेमशिफ्ट, म्हणजे आराखडा मध्येच तोडणारा किंवा पुढची अक्षरं सरकवणारा बदल असेल, तर ती प्रत पूर्ण मुकी झाली असं बहुधा धरता येतं, आणि दुसरीचा आवाज वाढवण्याचा विचार इथे चपखल बसतो. स्प्लाइसमधला, म्हणजे नकलेचे तुकडे जोडण्याच्या जागेतला बदल किंवा जनुकाचा तुकडाच गायब असेल, तरी बहुतेक वेळा हेच. मिससेन्स म्हणजे एक अक्षर बदलून प्रथिनातला एक दुवा बदललाय. इथे घाई नको. बहुतेक मिससेन्स बदलांनी दरवाजा निकामी होतो आणि ड्रॅव्हेट होतो. काहींनी सौम्य आजार होतो. आणि थोडे असेही असतात, ज्यांत दरवाजा उलट जास्तच उघडा राहतो. त्या मुलांना आवाज वाढवणारं औषध दिलं तर आगीत तेल, कारण दोन्ही वाटा चांगल्या प्रतीबरोबर बिघडलेल्या प्रतीचाही आवाज वाढवतात. अशा मुलांत फिट बहुधा तीन महिन्यांच्या आत सुरू होतात आणि हातापायांच्या विचित्र हालचाली दिसतात. टी२२६एम हा त्यातला बहुचर्चित बदल. तुमच्या वर्णनातलं साडेपाच महिने, ताप, एका बाजूची लांबलेली फिट, हे सगळं नेहमीच्या ड्रॅव्हेटसारखं आहे. तरीही चाचणीवाले शब्दावर विश्वास ठेवत नाहीत, त्यांना प्रकार कागदावर लागतो. रिपोर्टवर ‘व्हीयूएस’, म्हणजे अर्थ अजून नक्की न कळलेला बदल, असं लिहिलं असतं तर सांगणं आणखी अवघड झालं असतं. तुमचा पॅथोजेनिक आहे, तेवढं काम हलकं.

पालकांची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. सुमारे ९०% मुलांत हा बदल नव्याने झालेला असतो, आई-वडिलांकडून आलेला नसतो. मात्र काही वेळा आई किंवा वडिलांच्या थोड्याच पेशींत तो लपलेला असतो आणि साध्या तपासणीत निसटतो. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर जेनेटिक काउन्सेलरशी हे बोलायलाच हवं.

आता घराचं. विकू नका. खऱ्या चाचणीत औषधाचे पैसे घेत नाहीत. जो मागतो, त्याच्याकडे चाचणी नाही. पण तिकडे राहण्याचा खर्च, व्हिसा, विमा हे तुमच्यावर येतं आणि बहुतेक केंद्रांना मूल वारंवार तपासायला जवळपास लागतं. अमेरिकेची औषध नियामक संस्था एएव्ही उपचारानंतर पाच वर्षांपर्यंत पाठपुरावा सुचवते. चाचणीत शिरायला नुसतं निदानही पुरत नाही. औषधं काही आठवडे तीच आणि त्याच मात्रेत असावी लागतात, ठरावीक संख्येने फिट याव्या लागतात, एएव्हीविरुद्धच्या अँटिबॉडी वाढलेल्या चालत नाहीत. विमानात बसल्यावर हे कळण्यात अर्थ नाही. ‘क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह’ या संकेतस्थळावर ‘ड्रॅव्हेट’ शोधा, संपर्काच्या पत्त्यावर ईमेल करा आणि पहिल्याच ओळीत विचारा, की भारतात राहणारं मूल घेता का. नाही म्हणाले तर तिथेच विषय संपला आणि घर वाचलं.

आणखी एक गोष्ट, जी कुणी पालकांना सांगत नाही. या दोन वाटांपैकी एक धरली की दुसरी बहुधा बंद होते. जीन थेरपी घेतलेल्या मुलाला अँटिसेन्सच्या चाचणीत घेत नाहीत आणि उलटही तसंच, कारण निकालांची सरमिसळ होते. एएव्ही घेतल्यावर त्या विषाणूविरुद्ध अँटिबॉडी इतक्या वाढतात, की पुढे तोच विषाणू वापरणारं सुधारित औषध आलं तरी उपयोग नाही. लवकर शिरणाऱ्याला लवकर फायदा, हे खरं. पण त्याला कमी मात्रेचा, सर्वांत अननुभवी डोस मिळतो आणि तो एकमेव असतो. कोणतं बरोबर, ते मुलाच्या स्थितीवर ठरतं. महिन्यातून दोनदा आयसीयूत जाणाऱ्या मुलाचं गणित वेगळं, तीन औषधांवर बरं चाललेल्याचं वेगळं. तुमच्या मुलीला अजून ड्रॅव्हेटची योग्य औषधंच मिळालेली नाहीत, म्हणून मी आज तिला पहिल्या रांगेत उभं करणार नाही.

भारतात कधी? तारीख देणारा माणूस फसवतोय असं समजा. ओळखायच्या खुणा मात्र सांगता येतात. इथे माणसांवरची कोणतीही औषधचाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावी लागते, ती नोंदवही कुणालाही फुकट पाहता येते. दर तीन महिन्यांनी तिथे ‘ड्रॅव्हेट’ टाकून पाहा. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने जीन थेरपीसाठी २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्याच वर्षीच्या औषधचाचण्यांच्या नियमांत चाचणीत इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे. म्हणजे चौकट आहे, ड्रॅव्हेटचं औषध घेऊन तिच्यात कुणी यायला हवं. परळचं केईएम हे दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातलं मुंबईतलं केंद्र आहे. तिथे मुलीची नोंद असणं फायद्याचं. आणि स्टेम सेल देऊन फिट घालवतो, लाखभर भरा, असं सांगणारी दुकानं आपल्याकडे गल्लोगल्ली झाली आहेत. एससीएन१एचा बिघाड कंबरेच्या हाडातल्या पेशी टोचून दुरुस्त होत नाही.

मग आज काय? ऑक्सकार्बाझेपिनचा फोन सांगून झालाच. दुसरं, त्याच भेटीत पुढच्या औषधांबद्दल विचारा. स्टिरिपेंटॉल, कॅनाबिडिऑल आणि फेनफ्लुरामिन ही तिन्ही ड्रॅव्हेटसाठी अमेरिकेत मान्य झालेली औषधं आहेत. फेनफ्लुरामिनसाठी हृदयाचा इको नियमित लागतो. इथल्या दुकानात न मिळणारं औषध स्वतःच्या रुग्णासाठी मागवायला केंद्राच्या औषध खात्याकडे १२ए नमुन्यात अर्ज करावा लागतो. डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन जोडून परवाना मिळतो. कीटोजेनिक, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय, आहाराचाही चांगला उपयोग होतो, पण तो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच, घरी तुपाचे चमचे मोजून नव्हे.

तिसरं, लांबणारी फिट. ड्रॅव्हेटमध्ये मेंदूचं मोठं नुकसान तिथेच होऊ शकतं आणि चाचण्यांसाठी लागणारी सुस्थितीही तिथेच जाते. पाच मिनिटांत थांबली नाही तर नाकातला मिडाझोलाम फवारा. मात्रा किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे ११ किलोला २.२. गोंधळ बाटलीत होतो: काही बाटल्यांत एका फवाऱ्यात ०.५ मिलिग्रॅम असतं, काहींत १.२५. पहिलीचे चार फवारे लागतात, दुसरीचे दोन. नवी बाटली आणली की आधी लेबल वाचा आणि फवाऱ्यांची संख्या डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्या. आजीला, पाळणाघरातल्या ताईंनाही ती दिसली पाहिजे. नवी बाटली हवेत दोन-तीनदा दाबून घ्यावी लागते, नाहीतर पहिला फवारा रिकामाच जातो. मुलीला कुशीवर ठेवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल काही नको. रात्री ती मोठ्या माणसाच्या कानाच्या अंतरावर झोपलेली बरी, कारण या आजारात झोपेत अचानक दगावण्याचा धोका इतर अपस्मारांपेक्षा जास्त असतो.

चौथं, लसी थांबवू नका. लसीनंतरच्या तापाने फिट येऊ शकते, पण लस हा आजार देत नाही. ताप अंगावर काढण्यापेक्षा पॅरासिटामॉल वेळेवर द्या, कधी आणि किती ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पुढे कधी एएव्ही उपचाराची वेळ आलीच तर स्टिरॉइड चालू असताना काही लसी देता येत नाहीत, म्हणून त्या आधीच उरकलेल्या असाव्यात.

शेवटचं म्हणजे वही. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत औषधाआधी फिट काही आठवडे मोजतात आणि सगळा निकाल त्या आकड्याशी ताडतात. ‘महिन्यात पाच-सहा येतात’ असं उत्तर तिथे चालत नाही. प्रत्येक फिटला एक ओळ: तारीख, वेळ, किती मिनिटं, दोन्ही बाजू की एक, ताप होता का आणि किती, फवारा दिला का, त्या दिवशी कोणतं औषध चुकलं किंवा बदललं. डोळे फडफडणं, हात दचकणं हे झटक्यांच्या फिटपासून वेगळ्या रकान्यात. शक्य असेल तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ घ्या, त्यात सुरुवातीचे दहा सेकंद आणि दोन्ही पाय दिसले पाहिजेत. पालक बहुतेकदा फक्त चेहरा टिपतात, आणि कोणती बाजू आधी उडाली हे त्यात कळत नाही. रिपोर्टचं दुसरं पान मिळालं की बदलाचा प्रकार तेवढा इथे लिहा. मुलीचं नाव आणि रुग्ण क्रमांक झाकून.